वायोमिंगचा वारा आणि आमचे वंगण

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने परत आल्यावर नायगारा, न्यूयॉर्कचे उंच वाडे आणि तेथील भाजीचे भाव यांविषयी चार शब्द लिहावेत, असा आता शिरस्ताच पडून गेला आहे. आम्ही नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्क विमानतळाच्या काचेतून जेवढे दिसले तेवढेच पाहिले. परंतु कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स या गावाहून निघून वायोमिंगच्या ओसाड माळरानातून टेटन पर्वताच्या पायथ्यापर्यंतचा प्रवास आम्ही एका फिरत्या घराच्या संगतीने केला, आणि त्या प्रवासात आमच्या हातून असा एक प्रमाद घडला की, तो सांगितल्यावाचून मनास स्वस्थता नाही. घरोघरच्या वडील मंडळींनी, विशेषतः आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांनी, हा मजकूर जरूर वाचावा.

आमचा धाकटा चिरंजीव फोर्ट कॉलिन्स येथे नोकरीनिमित्त स्थायिक आहे. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट उंचीवर वसलेले हे गाव मोठे नीटनेटके आहे. त्याच्या अंगणात आम्ही प्रथम ते घर पाहिले. लांबी चोवीस फूट, दोन आसांवर चार चाके, आत चूल, मोरी, निजण्याची सोय आणि जेवणास बसण्यापुरते बाकही. तिकडे यास ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. हे स्वतः चालत नाही. मोटारीने ओढावे लागते. आमच्या मंडळींनी आत जाऊन प्रथम चूल, मग पाणी, मग केर टाकण्याची जागा पाहिली आणि शेवटी देव ठेवण्यास एक कोनाडा शोधून काढला, तेव्हा बेत पक्का झाला. भाजणी, मेतकूट, पोहे, लोणच्याची बरणी असा सरंजाम त्या घरात चढू लागला.

सामान चढवताना आम्ही स्वाभाविकपणेच मागच्या कपाटाकडे वळलो, तोच चिरंजीव म्हणाला, “अण्णा, तिकडे नको. जड सामान चाकांच्या थोडे पुढे.” कारण विचारल्यावर त्याने जे सांगितले ते ऐकून आम्हांस एकदम आमच्या आजोळची बैलगाडी आठवली. वाईच्या आसपास ज्यांचे बालपण गेले आहे त्यांस सांगावयास नको की, दुचाकी गाडीत पोती मागे रचली तर गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि चढावर तर जनावरांचा गळाच आवळतो. उलट सारे ओझे पुढे घातले तर धुरेवर भार येऊन बैल दबतात. गाडीवान म्हणून धुरेवर बेताचा भार राखतो. ट्रेलरची गोष्ट अक्षरशः हीच. त्याच्या पुढच्या दांडीस तिकडे ‘जीभ’ म्हणतात, आणि या जिभेवर एकंदर वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार असावा, असा त्या लोकांचा नियम आहे. आमचे घर सामानसुमानासह ६,००० पौंडांचे, म्हणजे सुमारे २,७०० किलोचे होते. जिभेवर ७२० पौंड भार होता, म्हणजे बारा टक्के. चिरंजीवाने मालमोटारींच्या काट्यावर गाडी नेऊन, एकदा ट्रेलरासह आणि एकदा ट्रेलरावाचून, असे वजन करून ही संख्या ठरवली होती. जिभेवर भार कमी पडला तर ट्रेलरचे शेपूट वाऱ्याने हलू लागते. हा जो ‘हेलकावा’, त्याची त्या देशी ट्रेलर ओढणारांस मोठी धास्ती असते.

आता बैलाच्या मानेवर बेताचा भार चालतो. परंतु मोटारीच्या अगदी शेपटाशी सव्वातीनशे किलो टांगले तर काय होईल? मागचे बूड बसते, पुढची चाके हलकी होतात, सुकाणू नीट लागू पडत नाही आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यावर तोड म्हणून जे साधन वापरतात, त्याचे इंग्रजी नाव ‘वेट डिस्ट्रिब्यूशन हिच’ असे लांबलचक आहे. आम्ही त्यास ‘भारवाटणी’ म्हणू लागलो आणि नातवाने ते नाव उचलले.

मोटारीच्या मागील चौकोनी नळीत एक भक्कम पोलादी मुंडके खीळ घालून बसवतात. त्यावर गुळगुळीत गोळा असतो आणि ट्रेलरच्या जिभेची वाटी त्या गोळ्यावर बसते. एवढे तर कोणत्याही जोडणीत असते. परंतु या मुंडक्यातून डावी-उजवीकडे दोन लांब पोलादी कांबी मागे जातात, आणि त्यांची टोके ट्रेलरच्या दांडीस बोल्टांनी आवळलेल्या कोनाकार बैठकींवर चढवतात. त्या सहज चढत नाहीत. जॅकने दांडी व मोटारीचे बूड दोन्ही वर उचलावी, कांबी बैठकीवर सारावी आणि मग जॅक खाली सोडावा, म्हणजे कांबी ताणल्या जाऊन किंचित वाकतात. वाकलेले पोलाद सरळ होऊ पाहते. त्या जोराने मोटारीचे बसलेले बूड उचलले जाऊन भार पुढच्या चाकांवर आणि मागे ट्रेलरच्या चाकांवरही वाटला जातो. चिरंजीवाने पुढच्या चाकावरील पत्र्याच्या कडेची जमिनीपासूनची उंची आमच्यादेखत मोजली. ट्रेलर जोडण्यापूर्वी ३७ इंच. नुसता गोळ्यावर ठेवल्यावर सव्वा इंच वाढली. कांबी ताणल्यावर पुन्हा साडेसदतीसच्या आत आली. खडूने पाटीवर प्रमेय सिद्ध करून दाखवावे तसा तो प्रकार झाला. आम्ही मनातून प्रसन्न झालो, पण तसे बोलून दाखवले नाही.

परंतु या साधनाची निगा राखावी लागते, आणि ती पाहून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, थोडे कसेसेच झाले. दर मुक्कामी आमचा इंजिनिअर मुलगा जमिनीवर पाठ टेकून निजे आणि काळ्या हातांनी एकेक नट चाचपी. मुंडक्याचे बोल्ट आणि गोळ्याखालचा मोठा नट नेमक्या पिळाचे आहेत की नाहीत हे पाहण्यास त्याच्यापाशी पीळ मोजणारा पाना होता. नव्याने बसवलेले बोल्ट पहिल्या काही मैलांनंतर हमखास थोडे सैल होतात, असे तो म्हणे. खिळा व त्यांच्या कड्या जागच्या जागी आहेत ना, गोळा झिजून लंबवर्तुळ झाला नाही ना, बैठकीवर चीर गेली नाही ना, अपघाताने जोड निसटलाच तर दांडी रस्त्यावर पडू नये म्हणून खालून फुलीसारख्या घातलेल्या साखळ्या जमिनीस घासत नाहीत ना, हे सारे तो न चुकता पाही. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी चाकाखाली शिरले नव्हते. ‘एवढे शिकून हे काम?’ असा प्रश्न ओठांवर आला होता. सूनबाई मात्र त्याच्या शेजारी बसून यादीवर एकेक खूण करीत असे, म्हणून आम्ही गप्प राहिलो.

शुक्रवारी कचेरी सुटल्यावर निघालो आणि २८७ क्रमांकाच्या रस्त्याने वायोमिंगच्या सीमेपलीकडे लॅरामी येथे पहिला मुक्काम केला. लॅरामी फोर्ट कॉलिन्सहूनही दोन हजार फूट उंच आहे. जूनमध्येही संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी लागली. मुक्कामाच्या आवारात वळताना ती भारवाटणी अशी काही करकरली, कण्हली, की शेजारच्या घरांतून दोघे-तिघे डोकावले. आमच्या कानास तो आवाज असह्य झाला. आजोळच्या गाडीस बांबूचा नळा टांगलेला असे आणि त्यात एरंडेल व जळक्या पेंढ्याची राख यांचे काळे वंगण. चाक करकरले की गाडीवान आजोबांची बोलणी खाई. करकरणारी गाडी म्हणजे आळशी धनी, हे आमच्या मनावर लहानपणीच ठसलेले.

रात्री आम्ही त्या साधनाची पुस्तिका चाळली. ‘वंगण’ या मथळ्याखाली लिहिले होते की, गोळ्यास आणि कांबी जेथे मुंडक्यात शिरतात त्या खोबणींस ग्रीस लावावे. पान संपले. आम्ही चष्मा काढून ठेवला आणि निजलो. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे चारला उठलो. कांबी काढून ठेवलेल्या होत्या, ग्रीसचा डबा पायरीपाशीच होता. वडीलधाऱ्या माणसाने घरकामास हात लावावा, मुलास थोडी उसंत द्यावी, ही सद्बुद्धी झाली. प्रथम गोळा माखला, मग खोबणी. आणि करकर जेथून येत होती त्या कोनाकार बैठकींनाही चांगले बोटभर वंगण चोपडले. कांबींच्या खालच्या अंगासही. हात धुऊन संध्येस बसलो.

सकाळी चिरंजीव पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या सोडवण्यात गुंतला होता, म्हणून कांबी चढवण्याचे काम बारा वर्षांच्या नातवाने व आम्ही केले. त्याने येऊन खिळा आणि साखळ्या तपासल्या. आवारातून बाहेर वळताना गाडी अगदी निमूट वळली. चिरंजीव चमकला. “आज आवाज कसा नाही?” असे स्वतःशीच म्हणाला, “पुढच्या थांब्यावर पाहतो.” आम्ही खिडकीबाहेर पाहत मिशीतल्या मिशीत हसलो.

लॅरामीहून पश्चिमेस ८० क्रमांकाचा राजमार्ग एल्क नावाच्या पर्वताच्या अंगाखालून जातो. त्याचा वॉलकॉटपर्यंतचा तुकडा ऑक्टोबर १९७० मध्ये खुला झाला. जुना रस्ता पर्वताला टाळून उत्तरेकडून मेडिसिन बो गावावरून वळसा घालून जात असे. नव्या रस्त्याच्या आखणीच्या वेळी तेथील जुन्या रहिवाशांनी, ‘या वाटेने जाऊ नका, येथे वारा राहतो,’ असे बजावले होते. इंजिनिअरांनी मैल वाचवले. परिणाम असा की, हिवाळ्यात हा रस्ता वारंवार बंद ठेवावा लागतो, आणि बर्फ अडवण्यास दुतर्फा लाकडी कूड उभे केले आहेत. त्या कुडांच्या ओळी पाहिल्या की, एखाद्या प्रचंड सैन्याने शिड्या टाकून पळ काढला असावा असे वाटते. झाड म्हणून नाही. खुरटे, रुपेरी रंगाचे, कडवट वासाचे झुडूप, त्यात चरणारी हरणासारखी जनावरे आणि वर आभाळ. आमच्या मंडळी म्हणाल्या, “येथे माणसाने हाक मारली तर कोणास ऐकू जाईल?”

मैलभर अंतरावर दिव्यांच्या अक्षरांत वाऱ्याची सूचना झळकत होती. चिरंजीवाने वेग कमी केला. इतक्यात डाव्या अंगाने एक अजस्र मालमोटार आम्हांस ओलांडू लागली. तिच्यापुढची हवा प्रथम आमच्या शेपटावर आदळली, मग क्षणभर आडोसा, मग पुन्हा बाजूचा वारा. आमचे घर एकदा उजवीकडे गेले, तसेच डावीकडे आले, पुन्हा उजवीकडे. आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. लंबकाचे नियम आम्ही तीस वर्षे मुलांकडून घोकून घेतले. तो लंबक आपल्या पाठीस बांधला म्हणजे काय होते, हे त्या पाच-सहा सेकंदांत कळले. मोटारीचे बूड त्याच्याबरोबर हलू लागले. सूनबाईने मुलाचा दंड घट्ट धरला. आमच्या तोंडून रामनामही निघेना.

चिरंजीवाने पायाखालचा ब्रेक दाबला नाही. सुकाणू सरळ धरले, वेगावरचा पाय हलकेच काढला आणि गुडघ्याजवळची एक लहानशी कळ अंगठ्याने सारली. या कळेने केवळ ट्रेलरचे विजेचे ब्रेक लागतात. मागचे ओझे आपणहून मागे रेटले गेले, जोडणी दोरीसारखी ताणली आणि घर सरळ रेषेत आले. आर्लिंग्टन नावाच्या फाट्यावर उतरून तो थांबला. दोन मिनिटे कोणी बोलले नाही.

मग तो खाली उतरला, वाकला आणि बैठकीवरून बोट फिरवून ते काळे बोट त्याने समोर धरले. आम्हीही उतरलो होतो. वाऱ्याने उभे राहवत नव्हते. “आम्ही लावले,” असे म्हणालो.

तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. नातवाने पुस्तिका आणली आणि वाऱ्यात पाने धरून पुढचे पान मोठ्याने वाचले. बैठकी व कांबी जेथे एकमेकांस घासतात तेथे काहीही वंगण लावू नये, असे ठळक अक्षरांत छापले होते. गाडी वळते तेव्हा कांब बैठकीवर घासते; त्या घर्षणानेच ट्रेलरास सहजासहजी झोका घेता येत नाही. आवाज हा त्या घर्षणाचा. ज्यास आम्ही रोग समजलो ते औषध होते. उत्सर्ग आणि अपवाद! सामान्य नियम वाचून अपवादाचे सूत्र न पाहता रूप सिद्ध करणाऱ्या किती मुलांना आम्ही बाकावर उभे केले असेल. त्यांतला एक मुलगा समोर हात काळे करून उभा होता.

सौ. मागून म्हणाल्या, “माहेरच्या माडीच्या दाराला म्हणूनच कोणी तेल घालीत नसे. तेल घातले की पावसाळ्यात दार आपटे.” इतका सोपा दृष्टांत आम्हांस पहाटे का सुचला नाही, कोण जाणे.

पाणी तापवले. भांडी घासण्याचा साबण, जुनी धोतरे आणि ताराचा घासणा घेऊन आम्ही त्या रस्त्याच्या कडेस जमिनीवर पाठ टेकून निजलो. चिरंजीव एका बाजूस, आम्ही दुसऱ्या बाजूस. दोन्ही बैठकी आणि दोन्ही कांबींची खालची अंगे तीन वेळा धुतली, पुसली, आणि कोरड्या फडक्यावर डाग उठेनासा झाला तेव्हा उठलो. मधूनच तो म्हणाला, “गोळ्याला आणि खोबणीला मात्र तुम्ही छान लावलंय, अण्णा. मी इतकं नीट लावत नाही.” वारा डोळ्यांत जात होता, ही सोय झाली. रॉलिन्स गावी ग्रीस विरघळवणारे द्रावण घेऊन एकदा पुन्हा पुसले, तोवर मंद गतीनेच गेलो. गावाच्या वळणावर ती कण्हली. सर्वांनी एकमेकांकडे पाहिले.

रॉलिन्सहून उत्तरेस वळल्यावर रस्ता एका विलक्षण खोलगट प्रदेशाच्या काठाने जातो. येथे पडणारे पाणी अटलांटिकासही जात नाही आणि पॅसिफिकासही जात नाही; तेथेच जिरते किंवा उडून जाते. पुढे स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यात ‘स्प्लिट रॉक’ नावाचा दुभंगलेल्या माथ्याचा डोंगर लागतो. १८४० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ऑरेगॉन व कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या हजारो कुटुंबांच्या बैलगाड्या हा डोंगर खुणेस धरून याच वाटेने गेल्या. त्या गाड्या चार चाकी होत्या, त्यामुळे उलाळ होण्याचे भय त्यांस नव्हते. परंतु प्रत्येक गाडीच्या मागल्या आसाखाली डांबर व चरबी यांच्या वंगणाची एक बादली टांगलेली असे. हे कळताच आम्ही रस्त्याच्या कडेस बराच वेळ उभे राहिलो. संस्कृतातील अक्ष तोच त्यांचा ‘ॲक्सल’, युग तेच ‘योक’, आणि चाकाची नाभि तीच ‘नेव्ह’. शब्द इतक्या दूरचे सोयरे, आणि वंगणाचा नळा आजोळचा!

पुढचे थोडक्यात. लँडरला रात्र काढली. दुसऱ्या दिवशी विंड नदीच्या काठाने, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या टेकड्यांमधून डुबॉइस गाव मागे टाकून टोग्वोटी घाट चढलो. घाटमाथा ९,६५८ फुटांवर आहे. जूनमध्येही कडेस बर्फ होते आणि त्यातून वितळलेले पाणी रस्त्यावरून वाहत होते. उतारावर चिरंजीवाने खालच्या गिअरने गाडी सोडली, ट्रेलरचे ब्रेक मधूनमधून तपासले. एका वळणावर झाडे बाजूस सरली आणि समोर टेटन पर्वत उभा राहिला. त्याला पायथ्याच्या टेकड्या नाहीत. सपाट खोऱ्यातून शिखरे एकदम वर निघालेली, सर्वांत उंच १३,७७५ फूट. आमच्या मंडळींनी चालत्या गाडीतूनच हात जोडले. आम्ही मात्र त्या क्षणी, लाज वाटते पण सांगतो, पाठीमागचा आवाज ऐकत होतो.

सरोवराकाठी चार दिवस राहिलो. तेथील सूर्योदय, पाण्यात पडलेले शिखरांचे प्रतिबिंब, झाडाआड उभे राहिलेले ते गाढवाएवढ्या तोंडाचे हरिण आणि त्यास पाहून सूनबाईने नातवाचा धरलेला कान, यांचे वर्णन निराळ्या लेखात करता येईल. परतीच्या दिवशी पहाटे चिरंजीवाने यादी आमच्या हाती दिली आणि स्वतः चहा करावयास गेला. आम्ही धोतर खोचले, सतरंजी अंथरली आणि जमिनीवर पाठ टेकली. नातू पाना धरून उकिडवा बसला होता. गोळा, खोबणी, डावी बैठक कोरडी, उजवी बैठक कोरडी, खिळा चार, साखळ्या दोन. तो खुणा करीत होता.

“आजोबा,” त्याने विचारले, “मागचं पान वाचलं ना?”

आम्ही हात पुसले आणि पुस्तिका मागितली.